शेठजींच्या खिरीतली पाकोळी

एका पक्ष्याविषयी मी थोड्याफार खात्रीने बोलू शकतो, आणि तो पक्षी मी कधी पाहिलेला नाही. तो अंदमानात राहतो, समुद्राकाठच्या गुहांत. मी जळगावात राहत होतो, कापसाच्या वखारीवरच्या एका खोलीत. आमची गाठ पडावी असे काही कारण नव्हते. तरी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी मी सर्वांत मन लावून अभ्यास केला तो त्याचाच, आणि परीक्षेत त्याच्यावर एकही प्रश्न आला नाही.

हे लिहावे की नाही याविषयी मला अजून शंका आहे. ज्यांच्याबद्दल लिहितो आहे त्यांनी लिहू नकोस असे सांगितलेले नाही. पण मी लिहीन असे त्यांच्या मनातही आले नसेल. म्हणून कोणाचेच नाव घालत नाही.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. धरणगावजवळचे आमचे खेडे लहान. तिथे मॅट्रिक झालो तेव्हाच लोक मला पाहायला आले होते. जळगावात नवे कॉलेज निघाले, आणि वडिलांनी मला ज्या शेठजींना ते दरवर्षी आपला कापूस घालत त्यांच्या पेढीवर नेऊन उभे केले.

"पोरगा हुशार शे, शेठजी. राहाले जागा जोयजे फक्त."

शेठजींनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिले. "इंग्रजी तार वाचतोस?"

"प्रयत्न करीन," मी म्हणालो.

"प्रयत्नाचं नाही विचारलं. वाचतोस का?"

मी विचार करीत होतो तेवढ्यात वडीलच म्हणाले, "वाचस, वाचस. बठ्ठं वाचस."

अशा रीतीने मला खोली मिळाली. सकाळी तारा वाचायच्या, संध्याकाळी इंग्रजी वर्तमानपत्रातले बाजारभाव वाचून दाखवायचे, मधल्या वेळात कॉलेज. जेवण खाणावळीत. पेढीवरचे म्हातारे मुनीम मला 'कालेज' म्हणत. "काय कालेज, आज काय नवीन कळलं जगाला?" असे रोज विचारीत. मी रोज खरेच सांगत बसे. ते थट्टा करीत होते हे समजायला मला सहा महिने लागले.

शेठजी सत्तरीच्या घरातले, जैन, अंगाने वाळलेले. सूर्य मावळल्यावर पाण्याचा थेंब नाही. पाणी उकळलेले, गाळलेले. कांदा, बटाटा, मुळा असे जमिनीखालचे काही नाही. चातुर्मासात पालेभाजी नाही. वर्षाचे बाराही महिने ते काही ना काही सोडत असत, आणि सोडलेले पुन्हा धरल्याचे मी पाहिले नाही. त्यांना एकच गोष्ट सोडत नव्हती, ती म्हणजे खोकला. दोन हिवाळे तो मुक्कामाला होता. व्यवहारात त्याचा थोडा उपयोगही होई. भाव सांगताना शेठजींना उबळ आली की समोरच्याला वाटे ते मनात नापसंती धरून आहेत, आणि तो आपणहून खाली येई. पण रात्री घरात कोणाला झोप नसे, आणि शेठजींच्या पत्नी, ज्यांना सगळे बाईजी म्हणत, त्या तर त्यांच्याहून अधिक थकलेल्या दिसत.

शेठजींचा एक पुतण्या रंगूनला दुकान करी. लढाईत तो कुटुंबासह पायी पळून आला, लढाई संपल्यावर दुकानाचे काय उरले ते पाहायला परत गेला. तिथून त्या आषाढात त्याने कोणा ओळखीच्या माणसाबरोबर एक पत्र्याचा डबा पाठवला. डब्यावर चिनी अक्षरे. आत पांढऱ्या, अर्ध्या वाटीसारख्या, वाळलेल्या हलक्या वस्तू. बोटांनी दाबले तर कडक, उजेडात धरले तर आरपार दिसे. सोबतच्या मारवाडीतल्या पत्रात लिहिले होते की ही समुद्रातल्या अंदमान बेटांवरची चीज आहे, शेजारचे चिनी म्हातारे खोकल्यावर दुधाबरोबर घेतात आणि नव्वद वर्षे जगतात.

घरात खल झाला. समुद्रातले, पांढरे, पाण्यात फुगते, म्हणजे चायना ग्रासच. चायना ग्रास घरात पूर्वीपासून होते. त्याच्या वड्या होत. समुद्रातले गवत, वाळलेले. चातुर्मासात हिरवे चालत नाही, पण वाळलेले चालते. बाईजींनी एक वाटी रात्री भिजत घातली, सकाळी ती लुसलुशीत झाली, दुधात खडीसाखर घालून तिची खीर केली. मुनीम म्हणाले, "काळ्या पाण्याहून आलेलं पहिलंच काहीतरी गोड दिसतंय."

आणि गुण आला. आठ दिवसांत खोकला निम्मा झाला, पंधरा दिवसांत शेठजी सलग झोपू लागले. त्यांना इतका आनंद झाला की पिंप्राळ्याच्या रस्त्याला राहणारे त्यांचे जुने स्नेही, धान्याचे व्यापारी, यांना त्यांनी सहा वाट्या भेट म्हणून पाठवल्या. या दोघांत वर्षानुवर्षे एक चढाओढ होती: पर्युषणात कोण किती दिवस उपास करतो याची. गेली दोन वर्षे खोकल्यामुळे शेठजी मागे पडले होते. या वर्षी आठ दिवसांचा उपास, ज्याला ते अठाई म्हणत, करायचाच असे त्यांनी गादीवर बसून सर्वांना सांगितले.

श्रावणातल्या एका सकाळी बाईजी माझ्या खोलीच्या दारात आल्या. त्या कधी वर येत नसत. हातात एक वाटी, वाटीत पाणी, पाण्यावर नखाएवढे एक काळे पीस.

"काल एक निघालं," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, उडत आलं असेल. आज परत निघालं. भिजवल्यावर आतूनच सुटतं."

मी पीस पाहिले.

"तू कॉलेजात जातोस. पुस्तकात बघ. गवतच आहे ना हे?"

प्रश्न विचारतानाच त्यांनी मान अशी हलवली की उत्तर काय हवे आहे ते कळत होते. मी म्हणालो, "बघतो." सरळ 'हो' म्हणालो असतो तर हे सगळे तिथेच थांबले असते, पण मी विज्ञानाचा विद्यार्थी होतो, आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्याला पहिल्यांदाच कोणी काही विचारले होते.

आमचे जीवशास्त्राचे प्रोफेसर तरुण, अविवाहित, पुण्याकडचे. कॉलेज नवे असल्यामुळे त्यांच्या संग्रहालयात बाटलीतला एक नाग, शार्क माशाचा जबडा आणि एका डोळ्याचे घुबड एवढेच होते. मी बाईजींकडून आणलेला एक तुकडा त्यांच्या टेबलावर ठेवला आणि सगळी हकीगत सांगितली, म्हणजे कोणाच्या घरची, कोण खातो, कशात घालून, हे सगळे. माझ्याकडे तेव्हा माहिती द्यायची एकच पद्धत होती, पूर्ण.

प्रोफेसरांनी तुकडा भिंगाखाली धरला आणि ते उभेच राहिले. "गवत?" ते म्हणाले. "अरे, हे घरटं आहे!"

त्यांनी मला एक जाड इंग्रजी पुस्तक दिले आणि मी दोन दिवस शब्दकोश जवळ घेऊन त्यातली अडीच पाने वाचली. पाकोळीच्या जातीचा एक लहानसा पक्षी, चिमणीहूनही लहान, अंगाने काळपट तपकिरी. अंदमानच्या बेटांवर अंधाऱ्या गुहांत हजारोंनी राहतो. अंधारात टकटक असा आवाज करीत न धडकता उडतो. पाय इतके दुबळे की फांदीवर बसता येत नाही. उडायचे किंवा भिंतीला लटकायचे, एवढेच. घरट्यासाठी काडी नाही, गवत नाही, माती नाही. नर आणि मादी तोंडातून पांढरा चिकट पदार्थ काढून गुहेच्या भिंतीला थरावर थर देतात आणि महिनाभरात अर्धी वाटी तयार होते. त्या पदार्थासाठी पुस्तकात जो शब्द होता त्याचा अर्थ मी शब्दकोशात पाहिला. लाळ. दुसरा काही अर्थ असेल म्हणून पुढे वाचले. नव्हता.

प्रोफेसर मला संध्याकाळी मेहरूणच्या तळ्यावर घेऊन गेले आणि वर बोट करून म्हणाले, "ते बघ त्याचे चुलत भाऊ." तळ्यावर पन्नासेक पाकोळ्या कोयत्यासारखे पंख पसरून गिरक्या घेत होत्या. त्या मी जन्मापासून पाहत आलो होतो आणि एकदाही पाहिल्या नव्हत्या. रविवारी गावी गेलो तेव्हा आईला उत्साहाने सांगू लागलो की आमच्या वेशीच्या कमानीत राहतात त्या पाकोळ्यांना फांदीवर बसता येत नाही. आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "पाखरे शिकाले धाडं का तुले जळगावले? पाखरे तं आठे बठ्ठा झाडवर शेतस." वडील म्हणाले, "शिकू दे. वकिलीमा लागत व्हई."

सोमवारी मी बाईजींना सांगितले. मी त्यासाठी दोन पानी निवेदन लिहून काढले होते, वर लॅटिन नाव, खाली परिच्छेद. पहिला परिच्छेद संपायच्या आधीच त्यांनी मला थांबवले.

"गवत नाही?"

"नाही."

"मग कशाचं?"

"पक्ष्याच्या तोंडातल्या," मी म्हणालो, आणि मला तो शब्द शेठजींच्या स्वयंपाकघराच्या दारात उच्चारवेना. "रसाचं."

"लाळ?"

"हो."

त्या उंबऱ्यावर बसल्या. "मी हातानं भरवलं त्यांना. एक महिना." मग थोड्या वेळाने, "पक्षी मारतात?"

"मारत नाहीत. अंडी घालायच्या आधी घरटं काढून नेतात, असं पुस्तक म्हणतं."

"नेहमी आधी?"

मी निवेदनाचे दुसरे पान उलटले. "बहुतेक वेळा," मी वाचले. या 'बहुतेक' शब्दाचा मला फार अभिमान होता. शास्त्रीय लेखनात तो लागतो असे आम्हाला शिकवले होते. बाईजींच्या चेहऱ्यावर त्याने काय झाले ते पाहून मी पान मिटले.

त्या उठल्या, डबा फडताळाच्या वरच्या फळीवर मागे सारला आणि म्हणाल्या, "ऐक बेटा. हे त्यांना कळायला नको. पर्युषण बारा दिवसांवर आलंय. आत्ता कळलं तर ते आठ दिवसांवर थांबणार नाहीत. महिनाभराचा उपास धरतील, प्रायश्चित्त म्हणून. मी त्यांना ओळखते. पन्नास वर्षं ओळखते. अंगात काय उरलंय त्यांच्या? महिना पाण्यावर राहिले तर..." त्यांनी फडताळाचे दार लावले. "पर्युषण होऊ दे. ताकद येऊ दे. दिवाळीला मीच सांगेन. तोवर तू तोंड उघडायचं नाहीस."

मी कबूल केले. त्याच दिवसापासून त्यांनी बाजारातले साधे चायना ग्रास आणून त्याची खीर द्यायला सुरुवात केली. मी मात्र त्या रात्री अस्वस्थ होतो. सत्य लपवणे हे मला शिक्षणाच्या विरुद्ध वाटे. प्रोफेसरांना आपण सगळे आधीच सांगून बसलो आहोत, हे मात्र माझ्या डोक्यातही आले नाही.

शेठजींचा खोकला वाढला नाही. उलट चौथ्या दिवशी ते वाटी खाली ठेवून म्हणाले, "आजची विशेष उतरली आहे." बाईजींनी पदराने तोंड पुसल्यासारखे केले.

पर्युषणाला दोन दिवस उरले असताना, दुपारी चारच्या सुमारास, प्रोफेसर सायकलवरून पेढीवर आले. गादीवर शेठजी होते, समोर दोन-तीन व्यापारी, बाजूला मुनीम, आणि मी तार वाचत होतो. कॉलेजला शेठजींनी पूर्वी पुस्तकांचे एक कपाट दिले होते, त्यावर त्यांचे नावही होते. त्यामुळे प्रोफेसर आलेले पाहून ते खूश झाले.

"या, या. काय सेवा?"

"शेठजी, तुमच्या घरात एक दुर्मिळ वस्तू आहे. कॉलेजच्या संग्रहालयाला ती हवी आहे. एकच नग द्या."

"कोणती? ते भिंतीवरचं घड्याळ? ते वडिलांचं आहे."

"घड्याळ नको हो. घरटं."

"कसलं घरटं?"

मी तार खाली ठेवली. प्रोफेसरांकडे पाहून डोळ्यांनी काही सांगण्याचा प्रयत्न केला. पण डोळ्यांनी सांगण्याची मला सवय नव्हती आणि प्रोफेसरांना समजून घेण्याची.

"खिरीत घालता ते," प्रोफेसर म्हणाले. "पाकोळीचं घरटं. अंदमानचं. गवत नाही, काडी नाही, काही भेसळ नाही. शुद्ध लाळ आहे, शेठजी, शुद्ध लाळ!"

मुनीमांच्या हातातला टाक थांबला. एका व्यापाऱ्याने उगीच टोपी काढून पुन्हा घातली. शेठजी सावरून बसले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"तुला माहीत होतं?"

"हो, शेठजी."

"कधीपासून?"

"दहा दिवस."

"आणि घरात?"

मी गप्प राहिलो. एवढे एक तरी मला जमले, असे मला वाटले, पण मुनीम नंतर म्हणाले, "कालेज, तू गप्प बसलास तेव्हाच सगळ्यांना कळलं."

शेठजी उठून आत गेले. पेढी आणि घर यांच्यामध्ये एकच भिंत होती, त्यामुळे सगळे ऐकू आले, आणि कोणीच उठून गेले नाही.

"किती दिवस दिलंस?"

"एक महिना. कळल्यापासून नाही दिलं. बाजारातलं चायना ग्रास देते दहा दिवस."

"दहा दिवस? त्या दिवशी मी म्हटलं विशेष उतरली, ते..."

"ते बाजारातलं."

"मग खोकला कशानं गेला?"

"मला काय माहीत? तुमच्या कॉलेजवाल्याला विचारा."

शेठजी बाहेर आले तेव्हा त्यांच्या अंगावर उपरणे होते. मला म्हणाले, "चल. महाराजसाहेबांकडे. मला नीट सांगता येणार नाही. तू सांग."

बाईजी दाराशी आल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. पुढचे दोन दिवस त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला सकाळचे ताक मिळे, तेही बंद झाले. पण ताकाचे एवढे नव्हते. मी त्यांना दिलेला शब्द पाळला होता आणि त्यांना भीती होती तेच घडवले होते, आणि या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा खऱ्या असू शकतात हे मला कोणाला विचारताही येत नव्हते.

स्थानकात, म्हणजे जैन साधू मुक्कामाला राहतात त्या जागी, चातुर्मासासाठी एक मुनी उतरले होते, तेच महाराजसाहेब. तोंडाला पांढरी पट्टी, समोर लाकडी पाटावर पोथी. शेठजींनी वंदन केले आणि मला पुढे ढकलले. माझ्या आयुष्यातले ते पहिले व्याख्यान. मी गुहेपासून सुरुवात केली. मुनी मधेमधे विचारीत होते, आणि ते प्रोफेसरांच्या तोंडी परीक्षेपेक्षा अवघड होते.

"पक्षी घरटं कशासाठी बांधतो?"

"अंडी ठेवण्यासाठी."

"ते काढून नेलं की?"

"पुन्हा बांधतो. महिना लागतो."

"तेही नेलं की?"

"पुन्हा बांधतो."

"आणि अंडी? ती तर थांबत नाहीत."

मी आठवून पाहिले. "पुस्तकात तसं दिलेलं नाही."

"पुस्तक कोणासाठी लिहिलं आहे?"

"जे पक्ष्यांचा अभ्यास करतात त्यांच्यासाठी."

"अस्सं," मुनी म्हणाले. त्यांनी शेठजींना थांबवून घेतले आणि मला बाहेर बसायला सांगितले.

मी अर्धा तास बाहेर पायरीवर बसलो. शेठजी आले ते काहीसे चिडलेले दिसले. धार्मिक ठिकाणाहून माणूस चिडून येताना मी प्रथमच पाहिला. रस्त्याने बरेच अंतर ते काठी आपटत चालले. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "महिन्याचा उपास मागितला. दिला नाही."

"बरं झालं" म्हणणे योग्य दिसले नसते.

"अठाईसुद्धा नाही म्हणाले. एकाशन करा म्हणाले, दिवसातून एकदा जेवायचं. म्हणाले, उपास तुम्हाला आवडतो. आवडतं ते प्रायश्चित्त कसं होईल?" ते थांबले, खोकतील असे वाटले, पण खोकला आला नाही. "म्हणाले, ज्याला ती वस्तू दिली त्याच्या घरी जा. स्वतः. आणि सांगा."

त्याच्या घरी, म्हणजे पिंप्राळ्याच्या रस्त्याला, धान्याच्या व्यापाऱ्याकडे. ज्याच्याशी उपासांची चढाओढ होती त्याच्याकडे. महिना उपाशी राहायला शेठजी आनंदाने तयार होते. हे मात्र त्यांनी दोन दिवस पुढे ढकलले. एके दिवशी पाऊस आहे म्हणाले, दुसऱ्या दिवशी तार येणार आहे म्हणाले. दोन्ही दिवस ते जेवले नाहीत. सांगून आल्याशिवाय जेवायचे नाही असे त्यांनी स्वतःच ठरवले होते. महाराजसाहेबांनी उपास नाही म्हटले होते, आणि शेठजींनी त्यातूनही उपास काढला होता. बाईजी दोन्ही दिवस सूर्य मावळेपर्यंत ताट वाढून बसल्या, आणि मावळल्यावर ताट उचलून ठेवले.

तिसऱ्या दिवशी, पर्युषणाच्या पहिल्याच दिवशी, दुपारी मुनीमांनी मला बाजूला घेतले. "कालेज, आज घेऊन जा त्यांना. हात धरून ने."

"मी कसा सांगणार?"

"इतकं सगळ्यांना सांगितलंस, आता इथंच लाजतोस?"

मी गादीसमोर उभा राहून म्हणालो, "शेठजी, पाऊस नाही. तारही आली." ते माझ्याकडे रोखून पाहत राहिले. मग काठी घेऊन उठले. दोन दिवसांच्या उपाशी पोटी त्यांना चालवत नव्हते, पण टांगा नको म्हणाले.

धान्याचे व्यापारी ओसरीवर तक्क्याला टेकून बसले होते. त्यांनी त्या दिवशी अठाईला सुरुवात केली होती हे त्यांनी पाणी देण्याच्या आधीच सांगितले. "तुमचीही सुरू झाली ना?"

"नाही," शेठजी म्हणाले. "या वर्षी एकाशन." आणि मग, श्वास घेऊन, "मी तुम्हाला जी वस्तू पाठवली ती वनस्पती नव्हती. पक्ष्याचं घरटं होतं. पक्ष्याच्या तोंडची लाळ. मला माहीत नव्हतं, पण मी पाठवली. मोठेपणा म्हणून पाठवली. क्षमा मागायला आलोय."

व्यापाऱ्यांनी दोन्ही कानांना हात लावले. त्यांचा मुलगा, दोन सुना, दुकानातले दोघे असे सगळे दाराशी जमले. शेठजींची मान खाली होती. इतक्या खाली की पगडीच बोलत असल्यासारखी दिसत होती. व्यापारी बराच वेळ हळहळत राहिले, आपल्यालाही आता काय करावे लागेल ते मोठ्याने मोजत राहिले, मग एकदम म्हणाले, "पण मी कुठं खाल्लं? मी तर तसंच ठेवलंय. मला पहिल्या दिवसापासून शंका होती." त्यांची धाकटी सून आत निघून गेली, पदर तोंडाला लावून.

शेठजींनी हात जोडले. व्यापाऱ्यांनीही जोडले. मग त्यांनी शेठजींना उठूच दिले नाही. महाराजसाहेब काय म्हणाले, तो पक्षी केवढा असतो, कॉलेजात आणखी काय काय शिकवतात, हे सगळे त्यांना ऐकायचे होते. चढाओढीत कायमचे जिंकल्याचा आनंद त्यांना एकट्याने भोगवत नव्हता. मी आकाशाकडे पाहत होतो. ऊन भिंतीवर वर चढत चालले होते, आणि सूर्य मावळला तर शेठजींचा तिसरा दिवस कोरडा जाणार होता. शेवटी मी कधी नाही ते मध्ये बोललो. "शेठजी, उशीर होतोय," असे म्हणालो आणि त्यांची काठी त्यांच्या हातात दिली.

शेठजी पायऱ्या उतरत असताना व्यापाऱ्यांनी मला मागे ओढले आणि कानाशी लागून विचारले, "ती वस्तू इकडं कुठं मिळते का? संपलीय."

"बाजारातल्या चायना ग्रासनं तोच गुण येतो," मी म्हणालो.

"ते खाल्लं रे," ते म्हणाले. "तसं वाटत नाही."

परत येताना मी शेठजींना टांग्यात बसवले; या वेळी ते नको म्हणाले नाहीत. वाटेत म्हणाले, "डबा प्रोफेसरांना दे उद्या. सगळा. पण कपाटावर माझं नाव आहे तसं तिथं लावू नको म्हणावं." मी होय म्हणालो. पुढे संग्रहालयात त्या डब्यावर मीच पट्टी लिहिली: 'अंदमानच्या पाकोळीची घरटी. देणगीदार अज्ञात.' जळगावात देणगीदार कोण हे ठाऊक नसलेला माणूस तोपर्यंत उरला नव्हता.

घरी पोहोचलो तेव्हा उन्हाचा शेवटचा पट्टा अंगणातल्या तुळशीपाशी होता. बाईजी दारात उभ्या होत्या. त्यांनी काही विचारले नाही. शेठजींनी हात-पाय धुतले आणि पाटावर बसले. फुलका, मुगाची डाळ, वर तूप. मी दाराबाहेर, जायचे की थांबायचे हे न समजून उभा होतो. पहिला फुलका संपला. दुसरा संपला. बाईजी एकदा अंगणाकडे आणि एकदा ताटाकडे पाहत होत्या. तिसऱ्याला शेठजींनी नको म्हणून हात आडवा धरला आणि मग बाजूला घेतला. बाईजींनी फुलका वाढला, उठल्या, आणि दोन दिवसांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिले.

"तू जेवलास का?"

मी त्या दुपारी खाणावळीत पोटभर जेवून आलो होतो.

"नाही," मी म्हणालो.